ईएससीचं बटण कधी दाबायचं अन् कधी त्याच्या नादी लागायचं नाही

स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला खाली, नाहीतर गिअरपाशी, एक बटण राहते, ईएससीचं, म्हणजे घसरणारी गाडी आवरून धरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचं. त्याच्यावर गाडीचं चित्र, गाडीच्या मागं दोन नागमोडी रेघा अन् बऱ्याचदा खाली ऑफ लिहिलेलं. नवीन गाडीवाल्यांपैकी निम्म्यांनी ते कधी दाबलंच नाही, अन् बाकीच्यांनी रील पाहून दाबलं, कारण त्यांना कोणीतरी सांगितलं का हे बंद केलं म्हणजे गाडीची खरी ताकद बाहेर येते. आमच्याकडे आता गावोगावी ईएससीवाल्या गाड्या झाल्या, थार आहे, स्कॉर्पिओ आहे, साध्या हॅचबॅकमध्येही येऊन राहिलं, अन् पुण्यात कमावणारी पोरं दिवाळीला सेकंड हँड मस्टँग नाहीतर बीएमडब्ल्यूची झेड-फोर घेऊन गावात येतात, प्रत्येक स्पीड ब्रेकरवर पोट घासत. मग पारावर चर्चा सुरू, बंद करून चालवायची का चालू ठेवून. म्हणून नवीन लोकांसाठी हे पहिल्यापासून लिहून राहिलो.

आधी हे करते काय ते समजून घ्या

तीन गोष्टी आहेत अन् लोक तिन्ही एकच समजतात. एबीएस म्हणजे तुम्ही ब्रेकवर उभे राहिले तरी चाक जाम होऊ देत नाही, त्याच्यामुळं ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. भारतात एप्रिल 2019 पासून सगळ्या नवीन कारमध्ये ते कंपल्सरी आहे अन् बटण दाबून ते बंद होत नाही. दुसरं ट्रॅक्शन कंट्रोल, रेस दिल्यावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं का ते इंजिनची ताकद कापते किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते. तिसरं अन् मोठं ते ईएससी, कोणी ईएसपी म्हणते, बीएमडब्ल्यू डीएससी म्हणते, पोर्शे पीएसएम म्हणते, काम एकच.

चारही चाकांना स्पीड सेन्सर राहतात, स्टिअरिंग किती फिरवलं ते मोजणारा एक, अन् गाडी स्वतःभोवती किती वळून राहिली अन् बाजूला किती ढकलल्या जाऊन राहिली ते मोजणारे आणखी. बॉश सांगते का त्यांची सिस्टिम सेकंदाला 25 वेळा हे पडताळून पाहते, म्हणजे ड्रायव्हरला जायचं कुठं आहे अन् गाडी चालली कुठं. फरक दिसला का ती एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावते, जे तुमचा पाय कधीच करू शकत नाही, कारण पायाला पेडल एकच आहे. वळणावर नाक सरळच बाहेर चाललं तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक, शेपूट बाहेर निघाली तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक, अन् सोबत इंजिनची ताकद कमी. एवढंच. टायरची पकड वाढवणं तिच्या हातात नाही, आहे ती पकड कुठल्या चाकावर कशी वापरायची एवढं ती पाहते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागते.

पहिल्यांदा ही गोष्ट 1995 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेमध्ये आली, बॉशसोबत मिळून केलेली. श्रीमंतांचा फीचर म्हणून तिथंच राहिली असती, पण 1997 ला स्वीडनमध्ये एका मासिकवाल्यांनी मर्सिडीजची नवीकोरी छोटी ए-क्लास त्यांच्या मूस टेस्टला नेली अन् ती उलटली. मूस म्हणजे तिकडचं सांबराहून मोठं जनावर, ते अचानक रोडवर आलं तर स्टिअरिंग एकदम एका बाजूला मारून लगेच परत आपल्या लेनमध्ये यायचं, ही ती टेस्ट. कंपनीनं मग विकलेल्या गाड्या परत बोलावल्या अन् ए-क्लासमध्ये ईएसपी स्टँडर्ड केलं, अन् तिथून ते छोट्या गाड्यांत पसरलं. अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून अन् युरोपात नोव्हेंबर 2014 पासून सगळ्या नवीन कारला सक्तीचं झालं. आता आपल्याकडं मूस नाही पण रोही, म्हणजे नीलगाय, आहे ना. रात्री अकोट-दर्यापूर रोडनं नाहीतर कारंज्याकडं जाऊन पाहा, तुरीच्या वावरातून रोही निघून सरळ बोनेटपुढं. म्हणजे स्वीडनवाल्यांची टेस्ट आपल्या इकडच्या ड्रायव्हरला कधीही द्यावी लागते, अन् तीही हेडलाइटच्या उजेडात, न विचारता.

पायरी पहिली: आपल्या गाडीचं बटण ओळखा

गाडी उभी, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. बटण एकदा टक्कन दाबून सोडा अन् मीटरकडं पाहा काय लिहून येते. बऱ्याच गाड्यांमध्ये एकदा दाबलं का फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते, ईएससी चालूच राहते. तेच बटण तीन-पाच सेकंद दाबून धरलं तर ईएससीही बंद होते, काही गाड्यांत पूर्ण होतच नाही, काही गाड्यांत एका ठराविक स्पीडच्या वर गेलं का ती आपलीच परत चालू होते. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून परत चालू केलं का सगळं मूळ जागी येते. फोर बाय फोर असेल अन् तुम्ही फोर लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त ताकद देणारा गिअर, टाकला तर बऱ्याच गाड्या ईएससी स्वतःच बंद करतात, त्याचाही दिवा येते. हे सगळं गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, डिकीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं पडलेलं, ते काढा अन् तेवढी दोन पानं वाचा.

दिव्याचे अर्थ पाठ करून टाका. दिवा लुकलुकला म्हणजे सिस्टिम आत्ता काम करून राहिली, टायर घसरून राहिलं, पाय हलका करा. ऑफ लिहिलेला दिवा पेटून राहिला म्हणजे तुम्ही बंद केलेली आहे. ऑफ न लिहिलेला, नुसता घसरत्या गाडीचा दिवा कायम पेटून राहिला म्हणजे बिघाड, त्याचं शेवटी सांगतो.

पायरी दुसरी: डांबरी अन् सिमेंटच्या रोडवर हात लावायचा नाही

याच्यात पण-बिण काही नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं पाहिलं तर ईएससीमुळं एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण निम्म्यावर आला, अन् हे सगळे साध्या रोडवरचे साधे ड्रायव्हर होते. "मी वीस वर्षांपासून चालवून राहिलो, मले काहून पाह्यजे हे?" असं म्हणणारे काका मला नेहमी भेटतात, अन् वीस वर्षांत त्यांची गाडी चार चाकांवर घसरलीच नाही, म्हणजे त्या गोष्टीचा त्यांना अनुभव काहीच नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आपल्या रोडवर घसरायला काय काय मिळते ते पाहा. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं का अर्ध्या रोडवर पसरवून वाळायला टाकलेलं राहते, ते दाणे टायरखाली अक्षरशः गोळ्यांसारखे फिरतात. पूर्वेकडं भंडारा-गोंदियाकडं धानाचं तणस. पावसाळ्यात वावरातून ट्रॅक्टर रोडवर चढला का शंभर-दोनशे फूट काळ्या मातीचे लादे टाकत जाते, वरून भुरभुर पाऊस आला का तिथं साबण सांडल्यावाणी होते, अन् हे नेमकं वळणावर. रोड रुंदीकरण चालू असलं का गिट्टी अन् चुरी. अशा ठिकाणी गाडीची डावी चाकं एकावर अन् उजवी चाकं दुसऱ्यावर राहतात, ब्रेक मारला का गाडी एका बाजूला ओढते, अन् तिथंच ईएससी तुमच्या आधी स्टिअरिंगचा हिशोब ओळखते.

चिखलदऱ्याचा घाट वेगळा सांगतो, कारण तिथंच स्पोर्ट्स कारवाल्यांचा हात त्या बटणाकडं जाते. परतवाड्याहून वर चढलं का वळणावर वळण, जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असं का बोनेट दिसत नाही, झाडाखालचा भाग सुकतच नाही म्हणून शेवाळ धरते, अन् समोरून एसटी अर्धा रोड घेऊन येते. तुमची गाडी शंभर टक्के तुमच्या लेनमध्ये राह्यली पाह्यजे, एक फूटही बाहेर गेली तर खेळ संपला. शेपूट हलवून दाखवायला जागाच नाही. त्यात मेळघाटाचं जंगल, जनावर कधीही आडवं.

समृद्धीवर उलटा प्रॉब्लेम आहे. 701 किलोमीटरचा सरळसोट सिमेंटचा रोड, कारला 120 ची लिमिट, अन् माणसाला वाटते इथं घसरायचं कारणच काय. पण 80 च्या तुलनेत 120 ला गाडीत सव्वादोन पट ऊर्जा राहते. जोराचा पाऊस आला अन् रोडवर पाणी साचलं का रुंद टायर पाण्यावर तरंगते, मग चारही चाकांची पकड शून्य. वर सांगितलं ना ईएससी पकड वाढवत नाही, तर इथं ब्रेक लावायलाच काही उरत नाही, ती चालू असो का बंद. म्हणून पाऊस दिसला का क्रूझ कंट्रोल काढा, स्पीड 70-80 वर आणा, स्टिअरिंग हलकं वाटायला लागलं तर रेस हळूहळू सोडा, झटका देऊ नका, जोरात ब्रेक नको.

अन् समजा घसरलीच, ईएससी चालू असताना, तर तुमचं काम काय? जिकडं जायचं तिकडं पाहा अन् स्टिअरिंग तिकडं धरा, ब्रेक लागत असेल तर घट्ट दाबून ठेवा. पायाखाली घरघर होईल, आवाज येईल, ती सिस्टिम आहे, घाबरून पाय काढू नका. ईएससी तुमचं स्टिअरिंग पाहूनच ठरवते की तुम्हाला कुठं जायचं आहे, तुम्ही नाल्याकडं धरून बसले तर ती नाल्याकडंच नेईल.

पायरी तिसरी: काळ्या मातीत फसली तर

बटण ज्याच्यासाठी आहे ती जागा ही. आपल्या काळ्या मातीत पाणी मुरलं का ती फुगते अन् टायरच्या सगळ्या खाचा भरून टाकते, मग टायर नुसतं मातीचं गुळगुळीत चाक होऊन बसते. पांदण रस्त्यात शिरण्याआधी उतरून दहा पावलं चालून पाहा. चप्पल मातीतच राहून तुमचा पाय वर आला तर गाडी नेऊ नका, ट्रॅक्टरनं जा.

तरी फसली. गाडी पुढं सरकत नाही दिसलं का लगेच रेस सोडा, कारण एकेका रेसमध्ये चाक चार-चार इंच खाली जाते अन् एकदा चेसिस मातीवर टेकली का मग बटण असो का नसो. उतरून पाहा काय झालं. इथं दोन वेगळ्या केस आहेत अन् उपाय उलटे आहेत, हेच कोणी सांगत नाही.

एक म्हणजे सगळी चाकं चिखलात आहेत, रेस दिली तर दिवा लुकलुकते अन् इंजिन दम तोडल्यावाणी आवाज खाली येते, गाडी ओढतच नाही. ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापून राहिलं. चिखलातून अन् नदीच्या वाळूतून निघायला चाक थोडं फिरलं पाह्यजे, फिरून खाचेतली माती फेकली पाह्यजे. इथं बटण दाबा, ऑफ करा. स्टिअरिंग सरळ, मॅन्युअल असेल तर दुसरा गिअर, हळू रेस, थोडं पुढं, थोडं मागं, झुलवत झुलवत.

दुसरी केस, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, चढताना किंवा नालीत एक चाक लटकलं, ते हवेत गरगर फिरून राहिलं अन् दुसरं चाक घट्ट जमिनीवर पण फिरतच नाही. इथं बंद करू नका! लटकलेल्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडं पाठवणारं तेच ट्रॅक्शन कंट्रोल आहे. चालू ठेवा अन् रेस एकसारखी धरून ठेवा, एक-दोन सेकंद काहीच होणार नाही, कटकट आवाज येईल, अन् मग गाडी निघते. लोक नेमकं त्याच क्षणी पाय काढतात अन् म्हणतात का सिस्टिम बेकार.

यानंही नाही निघाली तर चाकापुढं तुराट्या नाहीतर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, टाका, बारदाना चालते, पण गाडीच्या मागं कोणी उभं राहू देऊ नका, तुराटी बंदुकीतून सुटल्यावाणी येते. टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवली तर खूप फरक पडते, मात्र परत भरायला पंप सोबत पाह्यजे. ऑटोमॅटिक गाडी फार वेळ झुलवू नका, गिअरबॉक्स तापते. शेवटचा उपाय ट्रॅक्टर अन् टोचन, तेव्हा साखळी टोइंग हुकलाच लावायची, बंपरला अन् सस्पेन्शनच्या रॉडला नाही. स्पोर्ट्स कारमध्ये हुक वेगळा राहते, डिकीतल्या टूलकिटमध्ये, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आट्यानं बसवावा लागते, हे फसायच्या आधी माहीत असलेलं बरं.

डांबरीवर आले का थांबा. बटण परत दाबा, ऑफचा दिवा गेला का पाहा, टायरमधली माती काठीनं खरडा अन् पहिलं किलोमीटर हळू जा. रिमच्या आत माती वाळून बसली तर पुढं 80 ला स्टिअरिंग थरथरते अन् लोक अलाइनमेंटला पैसे घालतात, धुतलं का जाते.

पायरी चौथी: स्पोर्ट्स कार आहे अन् बंद करूनच पाह्यची आहे

ठीक आहे, इच्छा समजते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी अन् ताकद भरपूर. भारतात 2016 ला आलेली मस्टँग जीटी घ्या, 5.0 लिटरचा व्ही 8, 515 न्यूटन मीटर टॉर्क, सगळा मागच्या दोन चाकांवर. ओल्या रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये पाय थोडा जास्त पडला तर शेपूट बाजूला यायला एक सेकंद लागत नाही. पोर्शे 911 चं वेगळं, इंजिन मागच्या एक्सलच्याही मागं, वळणात घाबरून एकदम रेस सोडली का वजन पुढं जाते, मागची चाकं हलकी होतात अन् गाडी फिरते, तुम्हाला वाटते मी तर स्पीड कमी केला. पोर्शेच्याच कॅरेरा जीटीला ईएससी नव्हतं, डॉजच्या व्हायपरला 2013 च्या मॉडेलच्या आधी नव्हतं, अन् दोन्ही गाड्या अवघड म्हणूनच नावाजल्या. म्हणून अशा गाड्यांत मधला मोड देतात, अन् माझं ऐकाल तर नवीन माणसानं मधल्या मोडच्या पुढं जायचंच नाही. बीएमडब्ल्यूत बटण थोडं दाबलं का डीटीसी, चाक थोडं फिरू देते पण गाडी फिरू देत नाही. पोर्शेमध्ये पीएसएम स्पोर्ट, कॉर्व्हेटमध्ये पाच पायऱ्यांचं सेटिंग, फेरारीत 2004 च्या एफ 430 पासून स्टिअरिंगवरच मोड बदलायचा खटका, त्याला ते मॅनेटिनो म्हणतात.

जागा फक्त ट्रॅक. गावाबाहेरचा रिकामा रोड रिकामा नसते, बैलगाडीला रिफ्लेक्टर नसते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली सरकारच्या परवानगीशिवाय रोडवर रेस किंवा स्पीडची चाचणी हा गुन्हा आहे. आपल्याला जवळ म्हणजे इंदूरपाशी पीथमपूरचं नॅट्रॅक्स, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइंबतूरचा कारी. तिथं ट्रॅक डे किंवा ड्रायव्हिंग स्कूलचा कार्यक्रम असेल तेव्हाच जायचं, इन्स्ट्रक्टर बाजूला बसवून.

पहिल्या सेशनला सगळं चालू. दिवा कुठं कुठं लुकलुकते ते लक्षात ठेवा, जिथं लुकलुकला तिथं तुमचा पाय नाहीतर हात झटक्यात चालला. ज्या दिवशी पूर्ण लॅपमध्ये दिवा जवळपास लुकलुकत नाही अन् टायमिंग तरी चांगलं आहे, त्या दिवशी मधला मोड लावा. इथं बरेच लोक उलटं करतात, दिवा सतत लुकलुकून राहिला म्हणून वैतागून बंद करतात. पूर्ण बंद करायचं ते ओल्या केलेल्या स्किड पॅडवर, जिथं 40 च्या स्पीडला गाडी फिरवता येते अन् आदळायला काही नाही, तिथं उलटं स्टिअरिंग अन् रेसचा ताल शिका. ट्रॅकवर सिस्टिम फार वेळ काम करत राहिली तर ब्रेक पॅड तापतात, मधेमधे एक लॅप थंड घ्या. अन् जाण्याआधी पॉलिसी उघडून पाहा, आपल्याकडच्या साध्या मोटार विम्यात रेसिंग अन् स्पीड टेस्टिंग कव्हर होत नाही.

हो, एक राहिलं, दोन चाकांच्या डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून गाडीची ताकद मोजायच्या मशीनवर, गाडी चढवली तर ईएससी बंद करावीच लागते, दोन चाकं फिरतात अन् दोन उभी, सिस्टिमला वाटते गाडी घसरली. ते डायनोवाला पाहून घेईल.

दिवा कायम पेटून राहिला तर

गाडी चालते, ब्रेकही लागतात, एबीएसचाही दिवा सोबत नसेल तर एबीएसही काम करते, पण ईएससी नाही असं समजून चालवा अन् दाखवून घ्या. आमच्या इकडं कारणं ठरलेली आहेत. पावसाळ्यात व्हील सेन्सरवर चिखल बसते. घराच्या सपरीत गाडी ठेवली अन् बाजूला गहू-चण्याची पोती असली का उंदीर येतात अन् वायर कुरतडतात. एका चाकाला स्टेपनी वेगळ्या मापाची लावली तर स्पीड जुळत नाही. अलाइनमेंट केल्यावर स्टिअरिंग सेन्सर झिरो करायचं राहून जाते, ते स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडूनच होते. अन् बॅटरी काढून लावल्यावर पेटला असेल तर आधी खर्च करू नका, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडं, एकदा पूर्ण उजवीकडं फिरवा अन् थोडं सरळ चालवा, बऱ्याच गाड्यांत एवढ्यानंच विझते.